‘गांजा कायदेशीर करू’ म्हणणाऱ्या उमेदवाराला काय विचारायचं

प्रश्न थोडक्यात असा. पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहणारं कुटुंब. मुलगी अमेरिकेतच जन्मलेली, अठरा पूर्ण झालेली, पहिल्यांदाच मत देणार. तिचं म्हणणं, जो गांजा लीगल करेल त्यालाच मत. वडील ग्रीन कार्डवर. त्यांना विचारायचंय की या उमेदवारांच्या भूमिका पारखायच्या कशा. आणि शेवटी, जरा चाचरतच, की रात्री झोप लागत नाही म्हणून नदीपलीकडच्या न्यू जर्सीतल्या दुकानातून गांजाच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या, आणल्या तर चालेल का.

मी 21 वर्षं फौजदारी खटले आणि त्यातून निघणारी इमिग्रेशनची लफडी, एवढंच काम करते. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, आणू नका. का, ते पुढे येईलच.

आता मुलीचा प्रश्न. मत तिचं आहे, त्यात मी पडत नाही. पण कोणी उमेदवार ‘गांजा कायदेशीर करू’ म्हणाला की मी आधी तो कुठल्या पदासाठी उभा आहे ते बघते. या देशात गांजावर एक कुलूप नाही, पाच-सहा आहेत, आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्याच माणसाच्या खिशात. ज्याच्या खिशात किल्ली नाही तोच दार उघडायची भाषा सगळ्यात मोठ्याने करतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. डीक्रिमिनलायझेशन म्हणजे जवळ थोडा माल सापडला तर तुरुंगाऐवजी दंड. विकणं गुन्हाच राहतो. लीगलायझेशन म्हणजे परवाना, दुकान, कर. रीशेड्यूलिंग म्हणजे केंद्राच्या एका यादीतून दुसऱ्या यादीत टाकणं. डीशेड्यूलिंग म्हणजे याद्यांतून नावच काढणं. सभेत हे चारही अर्थ एकाच टाळीत खपतात. 2016 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, हिलरी क्लिंटन गांजा दुसऱ्या यादीत न्यावा म्हणत होत्या आणि बर्नी सँडर्स यादीतूनच काढा म्हणत होते. वर्तमानपत्रांत दोघांच्या नावापुढे ‘सुधारणेच्या बाजूने’ असंच छापून आलं. कायद्याच्या दृष्टीने या दोन भूमिकांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अध्यक्षापासून सुरुवात करू, कारण सगळ्यांचं लक्ष तिथेच असतं.

1970 च्या कंट्रोल्ड सबस्टन्सेस अॅक्टने अमली पदार्थांच्या पाच याद्या केल्या. गांजा पहिल्या यादीत, हेरॉइनच्या शेजारी: दुरुपयोगाची शक्यता फार, मान्य वैद्यकीय उपयोग शून्य. कोकेन आणि फेंटानिल मात्र दुसऱ्या यादीत, कारण त्यांचा वैद्यकीय वापर होतो. गांजाचं ते स्थान तेव्हा तात्पुरतं मानलं होतं. काय करायचं ते ठरवायला आयोग नेमला, त्याचे प्रमुख रेमंड शेफर, पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर आणि तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्याच पक्षाचे. 1972 मध्ये आयोगाने सांगितलं की स्वतःपुरता गांजा बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. निक्सन यांनी अहवाल बाजूला सारला. पाच वर्षांनी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, लेखी संदेश पाठवला की एक औंसापर्यंतच्या गांजासाठी केंद्राची फौजदारी शिक्षा काढून टाका. काँग्रेसने काही केलं नाही. अध्यक्षाची इच्छा आणि कायदा यांच्यात किती अंतर असतं, ते तेव्हाच दिसलं होतं.

यादी बदलण्याची वाट अशी: आरोग्य खातं शास्त्रीय मूल्यांकन करतं, शिफारस न्याय खात्याकडे जाते, ते नियमाचा मसुदा काढतं, लोकांच्या हरकती येतात, सुनावणी होते. बायडेन 2020 मध्ये डीक्रिमिनलायझेशनचं आश्वासन देऊन निवडून आले; लीगलायझेशनला त्यांनी तेव्हाही हो म्हटलं नव्हतं. पुनर्विचाराचा आदेश दिला ऑक्टोबर 2022 मध्ये. आरोग्य खात्याने तिसऱ्या यादीची शिफारस केली ऑगस्ट 2023 मध्ये. मसुदा आला मे 2024 मध्ये. जानेवारी 2025 मध्ये सुनावणी अडकली आणि त्यांची कारकीर्द संपली. एक अख्खं अध्यक्षपद संपलं आणि गांजा होता तिथेच राहिला.

मग ट्रम्प. सप्टेंबर 2024 मध्ये, ऐन प्रचारात, ते म्हणाले की फ्लोरिडात प्रौढांसाठी गांजा खुला करणाऱ्या, राज्यघटनेच्या तिसऱ्या दुरुस्तीच्या प्रस्तावाला आपण मत देणार आणि तिसऱ्या यादीलाही आपला पाठिंबा आहे. 18 डिसेंबर 2025 ला त्यांनी यादी बदलण्याचं काम लवकर उरकण्याचा आदेश काढला. म्हणजे एकमेकांचं तोंड न बघणारे दोन अध्यक्ष या बाबतीत एकाच यादीपाशी येऊन थांबले. दोघांच्या मतदारांना मात्र आपला माणूस वेगळा वाटतो.

आणि तिसरी यादी म्हणजे कायदेशीर नव्हे. तिथे केटामिन आहे, अॅनाबोलिक स्टेरॉइड्स आहेत, कोडीन मिसळलेलं टायलेनॉल आहे. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात. कोपऱ्यावरचं गांजाचं दुकान चिठ्ठी मागत नाही, त्यामुळे केंद्राच्या नजरेत ते तिसऱ्या यादीनंतरही बेकायदाच.

मग यादी बदलून साधतं काय? संशोधन सोपं होतं, हे खरं. पण मोठा फरक पडतो तो करात, आणि त्यामागची गोष्ट मजेशीर आहे. 1981 मध्ये मिनियापोलिसचा एक अमली पदार्थ विकणारा कर-न्यायालयात गेला आणि त्याने तराजू, गाडी, घरभाडं हे सगळं धंद्याचा खर्च म्हणून वजा करून घेतलं. न्यायालयाने बरंचसं मान्यही केलं! काँग्रेस चिडली आणि 1982 मध्ये करकायद्यात 280-ई हे कलम आलं: पहिल्या किंवा दुसऱ्या यादीतला माल विकणाऱ्याला मालाची मूळ किंमत सोडून कुठलाच खर्च वजा करता येणार नाही. पगार नाही, भाडं नाही, जाहिरात नाही. चाळीस वर्षांनंतर या कलमाने राज्याचा परवाना घेऊन उजळ माथ्याने चालणारी दुकानं पिळून काढली. तिसऱ्या यादीत गेलं की 280-ई सुटतं. फ्लोरिडातल्या त्या दुरुस्तीच्या प्रचारावर ट्रुलिव्ह या एकाच कंपनीने दहा कोटी डॉलरपेक्षा जास्त पैसा ओतला. मतं पडली सुमारे 56 टक्के, लागत होती 60, दुरुस्ती पडली. तेव्हा उमेदवार ‘तिसरी यादी’ म्हणाला की मुलीने एवढंच विचारावं: यात दुकानदाराचा फायदा दिसतोय, पकडल्या जाणाऱ्या पोराचा कुठे आहे?

अध्यक्षाच्या हातात सरळ असलेली एक गोष्ट म्हणजे माफी. बायडेन यांनी ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राच्या कायद्याखाली नुसता गांजा बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्यांना माफ केलं. सरकारने आकडा दिला सुमारे 6,500. त्या वेळी केवळ त्या गुन्ह्यासाठी केंद्राच्या तुरुंगात कोणीही नव्हतं, कारण असे खटले जवळपास सगळे राज्याच्या न्यायालयांत चालतात आणि राज्याच्या शिक्षेला अध्यक्ष हात लावू शकत नाही. माफी खोटी नव्हती. नोकरी शोधताना, घर भाड्याने घेताना ती उपयोगी पडते. पण टीव्हीवर ‘हजारोंची सुटका’ असं जे दिसलं तसं काही झालं नाही.

दुसरी गोष्ट न्याय खात्याचा कल. 2013 मध्ये ओबामांच्या न्याय खात्याने कोल मेमो काढला: राज्याच्या नियमात राहणाऱ्यांच्या मागे लागू नका. ट्रम्प यांचे तेव्हाचे न्याय खात्याचे प्रमुख जेफ सेशन्स यांनी 4 जानेवारी 2018 ला तो एका पानाच्या पत्राने रद्द केला. पुढे जे झालं ते माझं आवडतं उदाहरण आहे. कोलोरॅडोचे कोरी गार्डनर, सेशन्स यांच्याच पक्षाचे सिनेटर आणि 2012 मध्ये राज्यातल्या लीगलायझेशनला विरोध केलेले, त्यांनी न्याय खात्याच्या नेमणुकाच सिनेटमध्ये अडवून धरल्या. एप्रिलमध्ये ट्रम्प यांनी त्यांना शब्द दिला की कोलोरॅडोच्या धंद्याला हात लागणार नाही, तेव्हा गाडी हलली. गांजाविषयी छान छान बोलणारे सिनेटर पुष्कळ होते. किल्ली फिरवली ती विरोधात मत दिलेल्या माणसाने.

काँग्रेसकडे वळू. यादीतून गांजा काढण्याचा खरा अधिकार तिथे आहे. तसं करणारं मोअर अॅक्ट नावाचं विधेयक हाउसने, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने, डिसेंबर 2020 मध्ये मंजूर केलं, एप्रिल 2022 मध्ये पुन्हा केलं, आणि सिनेटने दोन्ही वेळा ते चर्चेलाही घेतलं नाही. दुकानांना बँकेत खातं उघडू देणारं विधेयकही हाउसने कितीदा तरी पाठवलं, सिनेटमध्ये तेही बसलं. सिनेटमध्ये साठ मतं जमवावी लागतात, आणि साठ हा आकडा कसा जमवणार याचं उत्तर मी अजून एकाही प्रचारसभेत ऐकलेलं नाही. तुमचा उमेदवार आधीपासून हाउसमध्ये असेल तर त्याचं भाषण ऐकायचीही गरज नाही. विधेयकाच्या पानावर सहप्रस्तावकांची यादी असते, त्यात नाव आहे का ते दोन मिनिटांत कळतं. नाव घालायला काही खर्च येत नाही. तेही घातलं नसेल तर बाकीची बोलाचीच कढी.

काँग्रेस गुपचूप काय काय करते तेही पाहा. 2014 पासून खर्चाच्या विधेयकात दरवर्षी एक ओळ येते की राज्यांच्या वैद्यकीय गांजा योजनांत आडवं येण्यासाठी न्याय खात्याने पैसा वापरायचा नाही. त्या एका ओळीवर लाखो रुग्ण उभे आहेत. त्याच पद्धतीची दुसरी ओळ राजधानीच्या वाट्याला आली: वॉशिंग्टन डीसीच्या मतदारांनी 2014 मध्ये गांजा बाळगणं आणि घरी लावणं खुलं केलं, पण मेरीलँडचे अँडी हॅरिस यांनी पुढे रेटलेल्या तरतुदीने तिथली दुकानदारी अडवली. म्हणून वर्षानुवर्षं तिथले लोक टी-शर्ट विकत आणि सोबत गांजा ‘भेट’ देत आले. शेजारच्या राज्यातून निवडून आलेला माणूस तुमच्या गल्लीचा कायदा ठरवतो, आणि त्याला मत द्यायचा किंवा पाडायचा अधिकार तुम्हाला नसतो.

खरा बदल मात्र राज्यांत झाला. 2012 मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन, नोव्हेंबर 2023 मध्ये ओहायो हे चोविसावं. तुमच्याच नदीचे दोन काठ घ्या. न्यू जर्सीत फिल मर्फी 2017 मध्ये लीगलायझेशनचं वचन देऊन गव्हर्नर झाले. विधिमंडळ त्यांच्याच पक्षाचं असूनही मतं जमली नाहीत. शेवटी प्रश्न मतदारांपुढे गेला, 2020 मध्ये दोन तृतीयांश लोकांनी हो म्हटलं, आणि दुकानं उघडली एप्रिल 2022 मध्ये. वचनापासून काउंटरपर्यंत जवळजवळ साडेचार वर्षं, आणि तीही स्वपक्षाचं बहुमत असताना. इलिनॉयमध्ये प्रिट्झकर यांनी 2018 मध्ये तेच वचन दिलं आणि 1 जानेवारी 2020 ला दुकानं उघडली, कारण तिथे विधिमंडळातल्या लोकांनी मसुदा आधीपासून तयार ठेवला होता. पेनसिल्व्हेनियात वैद्यकीय गांजा 2016 पासून आहे. गव्हर्नर शापिरो दरवर्षी अर्थसंकल्पात प्रौढांसाठीच्या विक्रीचा कर धरतात, राज्याचं हाउस अनुकूल, आणि रिपब्लिकन बहुमताचं सिनेट नाही म्हणतं. मे 2025 मध्ये हाउसने सरकारी दुकानांतून विक्री करण्याचं विधेयक एका मताच्या फरकाने काढलं. सिनेटच्या समितीत ते पडलं. आणि लोकांकडून थेट मत मागवायची सोय इथे नागरिकांच्या हातात नाही. फ्लोरिडा-ओहायोसारख्या सह्या गोळा करून प्रश्न मतपत्रिकेवर आणता येत नाही. म्हणून मुलीला या एका प्रश्नावरच मत द्यायचं असेल, तर गव्हर्नरपेक्षा आपल्या जिल्ह्यातला राज्य-सिनेटचा उमेदवार कोण, हे तिने शोधावं. माझ्या ओळखीच्या दहा जणांतल्या नऊ जणांना ते नाव सांगता येत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित किल्ली जिल्हा वकिलाची, म्हणजे डिस्ट्रिक्ट अॅटर्नीची. फिलाडेल्फियाने 2014 मध्ये शहरापुरता नियम केला की थोडा गांजा जवळ सापडला तर 25 डॉलर दंड. तो मांडला जिम केनी या नगरसेवकाने, जे पुढे महापौर झाले. 2018 मध्ये नवे जिल्हा वकील लॅरी क्रास्नर यांनी गांजा बाळगण्याचे खटले चालवणंच बंद केलं. राज्याचा कायदा तसाच होता, एक अक्षर बदललं नव्हतं. पण हे शहराच्या हद्दीपर्यंत. तुम्ही उपनगरात राहता, तिथला जिल्हा वकील वेगळा, धोरण वेगळं. हद्दीच्या अल्याड दंडाची पावती आणि पल्याड फौजदारी खटला, अशी प्रकरणं माझ्या टेबलावरून गेलेली आहेत.

भूमिका बदलणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण तरुण मतदारांना त्याचा फार राग येतो. कमला हॅरिस यांनी 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लीगलायझेशनच्या प्रस्तावाला विरोध केला होता, 2019 मध्ये मोअर अॅक्ट सिनेटमध्ये मांडला, आणि 2024 मध्ये उघड लीगलायझेशन मागितलं. न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो 2017 मध्ये गांजाला पुढच्या व्यसनाची पायरी म्हणत होते. 2018 च्या प्रायमरीत अभिनेत्री सिंथिया निक्सन त्यांच्याविरुद्ध हाच मुद्दा घेऊन उभ्या राहिल्या, त्या हरल्या, पण मार्च 2021 मध्ये राज्याच्या लीगलायझेशनवर सही कुओमोंनीच केली. हरलेल्या उमेदवाराने धोरण जिंकल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण विरळा. जॉन बेनर यांची तऱ्हा निराळी: 2011 मध्ये हाउसचे सभापती असताना आपला विरोध कधीच बदलणार नाही म्हणाले, 2018 मध्ये एका गांजा कंपनीच्या सल्लागार मंडळावर जाऊन बसले. मला स्वतःला मत बदलल्याचा राग येत नाही. मी फक्त तारीख बघते. गॅलपच्या पाहणीत 1969 मध्ये लीगलायझेशनच्या बाजूने 12 टक्के लोक होते, 2023 मध्ये 70. जो वाऱ्याआधी बदलला तो वारा फिरला तरी टिकण्याची शक्यता जास्त, आणि वारा फिरतोही.

फिरतो याचा पुरावा ओरेगन. तिथल्या मतदारांनी 2020 मध्ये मेझर 110 मंजूर केलं: गांजाच नव्हे, हेरॉइन, मेथ, सगळ्याच पदार्थांची वैयक्तिक मात्रा जवळ असणं हा फौजदारी गुन्हा उरला नाही, 100 डॉलरचा दंड झाला. उपचारांचा पैसा मात्र उशिरा पोहोचला, त्याच काळात फेंटानिल पश्चिम किनाऱ्यावर पसरलं, रस्त्यावरचं दृश्य लोकांना सहन होईना. 1 सप्टेंबर 2024 पासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं, आणि त्या विधेयकावर सही डेमोक्रॅट गव्हर्नरची. माझं मत विचाराल तर दंड हे चुकीचं हत्यार होतं, न पाळणाऱ्याला काहीच होत नव्हतं. पण उपचारांची जागा तयार नसताना कुठलंही हत्यार चाललं नसतं.

इथे मुलीला एक गोष्ट आवर्जून सांगा. गांजावरची भूमिका पाहून उमेदवाराच्या एकूण अमली पदार्थ धोरणाचा अंदाज बांधायचा नाही. ट्रम्प तिसऱ्या यादीच्या बाजूने आहेत आणि अमली पदार्थ विकणाऱ्याला देहदंड द्यावा असंही म्हणतात. 2018 मध्ये शिक्षा सौम्य करणाऱ्या फर्स्ट स्टेप अॅक्टवर त्यांची सही आहे, आणि जानेवारी 2025 मध्ये सिल्क रोड हा ऑनलाइन अमली बाजार चालवणाऱ्या रॉस उल्ब्रिक्टला माफीही त्यांचीच. या सगळ्याला एका सूत्रात ओवायचा प्रयत्न मी सोडून दिलाय. गॅव्हिन न्यूसम गांजाच्या लढ्यातले जुने पुढारी, पण देखरेखीखाली पदार्थ घेण्याची केंद्रं सुरू करण्याचं विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून त्यांच्यापुढे आलं तेव्हा त्यांनी नकाराधिकार वापरला. फिलाडेल्फियात असंच केंद्र काढू पाहणाऱ्या सेफहाउस या संस्थेला जानेवारी 2021 मध्ये केंद्राच्या अपील न्यायालयाने अडवलं. त्यासाठी वापरलेलं कलम 1986 सालच्या ‘क्रॅक हाउस’ कायद्यातलं, आणि त्या कायद्यासाठी झटणाऱ्या सिनेटरांत जो बायडेन होते.

गांजाने माणसं मरत नाहीत, फेंटानिलने मरतात: 2023 मध्ये देशभरात एक लाखाच्या वर अतिमात्रेचे मृत्यू झाले, 2024 मध्ये ते 80 हजारांच्या आसपास उतरले. तरीही उमेदवाराला गांजाबद्दल दहा प्रश्न विचारले जातात आणि मेथाडोनबद्दल एकही नाही. मेथाडोन हे ओपिऑइडचं, म्हणजे हेरॉइन-फेंटानिलसारख्या पदार्थांचं, व्यसन सोडवण्याचं जुनं, खात्रीचं औषध, पण ते खास परवान्याच्या क्लिनिकमधूनच मिळतं, आणि रुग्णाला अनेकदा सकाळी उठून तिथे रांग लावावी लागते. त्याच कामाचं दुसरं औषध, ब्युप्रेनॉर्फिन, लिहून देण्यासाठी डॉक्टरांना लागणारी वेगळी परवानगी 2022 च्या शेवटी काँग्रेसने काढून टाकली; एकही प्रचारसभा न होता झालेली ही सुधारणा माझ्या अंदाजाने गांजाच्या अर्ध्या भाषणांपेक्षा जास्त जीव वाचवेल. पेनसिल्व्हेनियात फेंटानिल ओळखणाऱ्या पट्ट्या 2022 च्या कायद्यापर्यंत बेकायदा साहित्यात मोजल्या जात. हे असले प्रश्न विचारून उमेदवार गडबडला, तर त्याच्याकडे धोरण नाही, नुसती घोषणा आहे, असं मी समजते.

आता तुमच्याकडे येते.

इमिग्रेशनचा कायदा ‘नियंत्रित पदार्थ’ कशाला म्हणायचं ते 1970 च्या त्याच कायद्यातून घेतो, आणि त्याला पाचही याद्या सारख्याच. पहिली काय नि तिसरी काय, गांजा यादीत आहे एवढं पुरे. न्यू जर्सीच्या दुकानाला राज्याचा परवाना आहे, पावती मिळते, कर भरता, यातलं काहीही केंद्राच्या अधिकाऱ्यापुढे चालत नाही. शिवाय नदी ओलांडून माल आणणं केंद्राच्या कायद्यात गुन्हा आणि पेनसिल्व्हेनियाच्याही.

शिक्षा झालेली असण्याचीही गरज नाही. गुन्ह्याचे सगळे घटक तुम्ही स्वतः कबूल केलेत तर तेवढ्यावरही प्रवेश नाकारता येतो. माझ्याकडे आलेला एक मुलगा, तपशील बदलून सांगते. ग्रीन कार्ड, चांगली नोकरी, पाठदुखीसाठी राज्याचं वैद्यकीय गांजाचं कार्ड. परदेशातून परतताना विमानतळावर ते कार्ड पाकिटात दिसलं. अधिकाऱ्याने विचारलं, वापरतोस का? घरच्या संस्काराप्रमाणे तो खरं बोलला, आणि किती, कधीपासून, हेही सविस्तर सांगितलं. कबुली विधिवत घ्यावी लागते, तिचे नियम आहेत आणि आम्ही पुढे त्याच नियमांवर लढलो. पण 14 तास विमानात बसून आलेल्या माणसाला रात्री ते नियम कोण समजावणार! प्रकरण मिटायला वर्षाच्या वर गेलं, आणि तेवढ्या काळात त्याच्या आजीचं निधन झालं तरी मी त्याला देशाबाहेर जाऊ दिलं नाही.

नागरिकत्वाचा अर्ज करताना आणखी एक. एप्रिल 2019 मध्ये इमिग्रेशन खात्याने लिहून ठेवलं की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाचा वापर, इतकंच काय गांजाच्या धंद्यातली नोकरीसुद्धा, अर्जदाराच्या ‘चांगल्या वर्तणुकी’च्या आड येऊ शकते. दुकानाचा हिशेब ठेवणाराही त्यात येतो.

म्हणून उमेदवार ‘माफी देऊ, जुन्या नोंदी पुसू’ म्हणतो तेव्हा आम्ही इमिग्रेशनवाले मनात म्हणतो, कुणाच्या? बायडेन यांची माफी नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना होती. व्हिसावरचे त्यात नव्हते. ज्यांना मिळाली त्यांचंही, अमली पदार्थाच्या शिक्षेवरून येणारं हद्दपारीचं कलम अध्यक्षाच्या माफीने आपोआप सुटत नाही, कारण माफीची सवलत कायद्यात काही ठरावीक गुन्ह्यांनाच दिली आहे आणि हा त्यात नाही. राज्याने नोंद पुसली तरी इमिग्रेशनच्या व्याख्येत ती शिक्षा बहुतेक वेळा शिल्लकच असते. एकदाच, 30 ग्रॅमपर्यंत, स्वतःपुरता गांजा बाळगल्याच्या शिक्षेला थोडी सूट आहे, पण तीही हद्दपारीपुरती. प्रवेशासाठी वेगळी सवलत मागावी लागते आणि ती देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं. एखाद्याने तीस वर्षांपूर्वी कॉलेजात केलेला पोरखेळ मी अजून निस्तरते आहे.

तुमच्यासारख्यांना खरा आधार देईल ते डीशेड्यूलिंगच. मोअर अॅक्टमध्ये तर इमिग्रेशनपुरतं वेगळं कलमच होतं की गांजा यापुढे नियंत्रित पदार्थ धरायचा नाही. तेव्हा घरी उमेदवारांची चर्चा चालली असेल तर काँग्रेसच्या उमेदवाराबद्दल एवढं एकच शोधायला मुलीला सांगा: यादी बदलायच्या बाजूने, की यादीतून काढायच्या? तिच्यासाठी हा फरक तत्त्वाचा असेल. तुमच्यासाठी तो राहत्या घराचा आहे.

पेट्रोल पंपावर ‘हेम्प’, म्हणजे गांजाचीच कमी नशेची जात, म्हणून मिळणाऱ्या गमींचं तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येणार. 2018 च्या शेती विधेयकाने ठेवलेल्या फटीतून तो माल आला, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये काँग्रेसने ती फट बुजवणारी तरतूद मंजूर केली. पुडीवर लिहिलंय तेच आत आहे याची खात्री कोणी देत नाही. त्याही नकोत. झोपेसाठी डॉक्टरकडे जा. फोनमध्ये गांजाच्या दुकानातले फोटो असतील तर परदेशी जाण्याआधी माझ्यासारख्या कुणाशी बोलून घ्या. फॉर्मवर किंवा मुलाखतीत प्रश्न आलाच तर खोटं बोलू नका, खोटं हा त्याहून मोठा गुन्हा. ‘मी वकिलाशी बोलून उत्तर देतो’ एवढं म्हणा आणि थांबा.

आणि मुलीला मतदार नोंदणीसाठी घेऊन जाल तेव्हा, किंवा स्वतःचं लायसन्स नवं करायला जाल तेव्हा, काउंटरवरच्या पडद्यावर तुम्हालाही नोंदणीचा प्रश्न येऊ शकतो. घाईत ‘पुढे’ दाबत जाऊ नका. नागरिक नसताना चुकून झालेल्या मतदार नोंदणीचं प्रकरण लढवणं मला गांजाच्या प्रकरणापेक्षाही अवघड जातं.